मोहरी : संकर आणि भेसळ

मिसळणाच्या डब्यात मोहरीची वाटी नाही, असे मराठी घर ग्वाल्हेर-इंदूरपासून पणजी-बेळगावपर्यंत कोठेही सापडणार नाही. तेल तापले की पहिला मान मोहरीचा. ती तडतडल्यावाचून हिंग-हळदीला पुढे येण्याचा अधिकार नाही. दृष्ट काढायची तर मिठाबरोबर मोहरीच लागते, आणि क्षुल्लक गोष्टीचा बाऊ केला तर आपण राईचा पर्वत केला असे म्हणतो. इतकी जवळीक असूनही मोहरीचे तेल मात्र मराठी स्वयंपाकघरात सहजासहजी शिरले नाही. तीळ, करडई आणि जवस यांच्या तेलावर, कोकणात खोबरेलावर, वाढलेली माणसे अठराव्या शतकात शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर उत्तरेत आली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावून तिचे ‘लष्कर’ हे शहर झाले. चंबळेच्या काठचा हा मुलूख मोहरीचा. येथे ज्याला ‘कडवा तेल’ म्हणतात, त्याच्या वासाशी जुळवून घ्यायला या घरांना फार काळ लागला. कैरीच्या लोणच्यात ते आले, थंडीत अंगाला चोळण्यासाठी आले. फोडणी मात्र पुष्कळ घरांत दुसऱ्याच तेलाची राहिली.

हा भेद निव्वळ आवडीनिवडीचा नाही, त्यामागे हवामान आहे. मोहरीला फुलोऱ्याच्या आणि दाणा भरण्याच्या काळात थंडी लागते. आश्विन-कार्तिकात पेरलेली मोहरी पौषात फुलते आणि फाल्गुनाच्या आसपास काढणीला येते. मुरैना, भिंड, भरतपूर या पट्ट्यातील लांब, बोचरी थंडी तिला मानवते. एका-दोन पाण्यांवर ती येते, म्हणून जेथे गव्हाला पाणी पुरत नाही तेथेही शेतकरी तिच्यावर विसंबतो. दख्खनची थंडी आखूड आणि तेथील काळी जमीन खोल ओल धरणारी. त्या जमिनीने करडईला आणि रब्बी ज्वारीला जवळ केले. म्हणजे आपल्या पूर्वजांनी मोहरी दाण्यापुरती ठेवली आणि उत्तरेने ती तेलापर्यंत नेली, याचा पहिला निवाडा मातीने आणि थंडीने केला होता. सवयीने त्यावर नंतर शिक्कामोर्तब केले.

या लहानशा दाण्याचा इतिहास पाहू लागले की दोन शब्द वारंवार समोर येतात : संकर आणि भेसळ. दोन्हींचा वरवरचा अर्थ एकच, दोन गोष्टी एकत्र येणे. परंतु एकातून नवे जीवन निर्माण झाले आणि दुसऱ्यातून मृत्यू. या दोहोंतील अंतर ओळखणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नावांचे घराणे

मोहरीची ओळख या देशाला फार जुनी आहे. सिंधमधील चन्हुदडो या हडप्पाकालीन स्थळाच्या उत्खननात मोहरीवर्गीय बिया मिळाल्या आहेत. वैदिक वाङ्मयात ‘सर्षप’ आहे. छांदोग्योपनिषदातील शांडिल्यविद्येत आत्म्याचे सूक्ष्मत्व सांगताना तांदूळ, जव आणि सामा यांच्या दाण्यांबरोबर सर्षपाचाही दाखला येतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील मापांत तर सर्षप हे वजनच आहे : तीन राजसर्षपांचा एक गौरसर्षप, सहा गौरसर्षपांचा एक यव आणि तीन यवांची एक कृष्णल, म्हणजे गुंज. हिशेब केला तर एका गुंजेत अठरा गौरसर्षप किंवा चौपन्न राजसर्षप बसतात. सोन्याचा तोल ज्या गुंजेवर, त्या गुंजेचा तोल मोहरीवर. बौद्ध परंपरेतील किसा गोतमीला बुद्धांनी मूठभर मोहरी आणायला सांगितली, ती ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून. मोहरी प्रत्येक घरात मिळत होती, अट मात्र एकाही घरात पुरी होत नव्हती. ही कथा उभी राहते तीच मुळी मोहरी दारोदार असे म्हणून. बुद्धांचे ‘सिद्धार्थ’ हे नाव पांढऱ्या मोहरीचेही नाव आहे, हाही एक योग.

सुश्रुतसंहितेत व्रणी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, मीठ आणि तूप यांची धुरी द्यायला सांगितली आहे. रोग्याला त्रास देणाऱ्या अदृश्य शक्तींना ती पळवून लावते, ही त्यामागील समजूत. आपल्या घरांत मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून त्या निखाऱ्यावर टाकण्याची रीत आहे, तिचे नाते या जुन्या धुरीशी सहज जोडता येते.

‘सर्षप’ या शब्दाची वंशवेल आपल्या साऱ्या वसतिस्थानांवरून पसरलेली आहे. प्राकृतात त्याचे ‘सरिसव’ झाले. त्यातूनच हिंदीत ‘सरसों’, गुजरातीत ‘सरसव’, बंगालीत ‘सरषे’ आणि जुन्या मराठीत ‘शिरस’ आले. बेळगावकडे कानडीत ती ‘सासिवे’ आहे. गोव्यात कोकणीत ‘सांसव’. वाटलेले खोबरे आणि मोहरी घालून पिकलेल्या आंब्यांचे जे ‘सासव’ गोव्यात होते, त्या पदार्थाचे नावच मोहरीवरून पडले आहे. ‘राजिका’ या दुसऱ्या संस्कृत शब्दापासून ‘राई’ निघाली. वडोदऱ्याच्या बाजारात मोहरी हवी असेल तर ‘राई’च मागावी लागते. हैदराबादेत तेलुगूत ती ‘आवालु’ आहे, आणि कैरीच्या ज्या लोणच्याची चटक तेथील मराठी घरांनाही लागली, त्या ‘आवकाय’ मधील ‘आव’ म्हणजे मोहरीच. एकाच दाण्याला गावोगाव वेगळे नाव आणि गावोगाव वेगळे कामही.

तिखटपणाचे मर्म

मोहरीचा तिखटपणा हा एक विलक्षण प्रकार आहे. अख्खी मोहरी तोंडात टाकली तर ती प्रथम काहीच बोलत नाही. ती चावली किंवा पाण्यात वाटली की क्षणभराने नाकात झणका जातो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुस्सी याने १८४० मध्ये याचा उलगडा केला. काळ्या मोहरीत ‘सिनिग्रिन’ नावाचे एक द्रव्य असते आणि त्याच्यापासून अलग ठेवलेले ‘मायरोसिन’ नावाचे एक विकर असते. दाणा फुटून त्यात पाणी आले की ही दोन्ही एकत्र येतात आणि तो उडून जाणारा, डोळ्यांत पाणी आणणारा पदार्थ तयार होतो. वनस्पतीच्या दृष्टीने हे संरक्षण आहे. कोणी किडीने दाणा कुरतडला तरच हा बार उडतो. एरवी दारू एकीकडे आणि ठिणगी दुसरीकडे.

हे ध्यानात आले की आपल्या स्वयंपाकातील दोन रीतींचा उलगडा होतो. तापलेल्या तेलात मोहरी टाकली की उष्णतेने ते विकर मरते; झणका तयारच होत नाही आणि उरतो तो खमंगपणा. उलट लोणच्यासाठी किंवा काकडीच्या कोशिंबिरीसाठी मोहरी पाण्यात फेसतात, तेव्हा तो बार जाणीवपूर्वक उडवलेला असतो. उत्तरेतील कच्च्या घाणीतही तेच घडते. दाणे थोड्या पाण्यासह, फारसे तापू न देता चिरडले जातात, म्हणून त्या तेलाला तो नाकात जाणारा वास येतो. म्हणजे आपली फोडणी आणि त्यांचे ‘कडवा तेल’ ही एकाच गुणाची दोन टोके आहेत. एकाने तो निजवला, दुसऱ्याने जागा केला.

मोहरीच्या आप्तांतही हाच गुण कमी-अधिक दिसतो. चार पाकळ्यांचे, क्रुसासारखे फूल ही या कुळाची खूण. मुळा, सलगम आणि राजस्थानच्या कोरड्या शेतात येणारा तारामिरा हे सारे या कुळातले. बाळंतिणीसाठी ज्याचे लाडू वळतात तो अळीवही मोहरीचा चुलत भाऊच. कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल यांची गंमत अशी की त्या तीन वेगळ्या जाती नाहीत. युरोपच्या समुद्रकाठी उगवणाऱ्या एकाच जातीतून माणसाने कोठे पानांचा गड्डा वाढवला, कोठे फुलोरा, कोठे खोड. यांतला ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोव्ह’वरून आपल्याकडे आला. सर्षपाचे घराणे वेदकाळापासूनचे आणि कोबीचे गलबतातून उतरलेले. तरी दोघे एकाच कुळाचे. हे नाते नेमके काय, याचा शोध लागायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

त्रिकोण मांडणारा माणूस

तो शोध ज्याने पूर्णत्वाला नेला त्याचे चरित्र स्थलांतरित घराण्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे. नागाहारू ऊ याचा जन्म १८९८ मध्ये टोकिओत झाला. वडील कोरियन लष्करी अधिकारी. तेथील राजकीय उलथापालथीनंतर जपानात आश्रयाला आलेले. आई जपानी. १९०३ मध्ये वडिलांची जपानातच एका कोरियन मारेकऱ्याने हत्या केली. कोरिया जपानच्या सत्तेखाली गेल्यानंतरच्या काळात कोरियन आडनावाने वावरणे सोपे नव्हते. तरीही या शास्त्रज्ञाने आपले संशोधन ‘ऊ’ या वडिलांच्या नावानेच प्रसिद्ध केले.

१९३५ साली त्याने जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील आकृती आज ‘ऊचा त्रिकोण’ म्हणून जगभर ओळखली जाते. त्रिकोणाच्या तीन कोनांवर तीन मूळ जाती : सलगम आणि तोरिया, पिवळी सरसों यांची जात, जिच्या गुणसूत्रांचा मूळ संच दहाचा, काळी मोहरी, आठाची, आणि कोबी, नवाची. तीन बाजूंवर त्यांच्या संकरातून निपजलेल्या तीन जाती. दहा आणि आठ मिळून अठरा, ती आपली राई. दहा आणि नऊ मिळून एकोणीस, ते युरोपचे रेप. आठ आणि नऊ मिळून सतरा, ती इथिओपियाची मोहरी. सलगमाच्या जातीचा आणि कोबीचा संकर करून ऊने रेप प्रयोगक्षेत्रात पुन्हा निर्माण करून दाखवले. निसर्गाने जे केले होते ते माणसाने तपासून पाहिले आणि हिशेब जुळला.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की या संकरात कोणाचेच काही पुसले गेले नाही. साधारणतः अपत्याला आईकडून अर्धे आणि बापाकडून अर्धे मिळते. येथे दोन्ही जातींचे गुणसूत्रांचे पूर्ण संच एकत्र नांदतात. राईच्या प्रत्येक पेशीत अख्खी काळी मोहरी आहे आणि अख्खी सरसोंही आहे. पुढे जनुकीय अभ्यासांनी हा धागा आणखी मागे नेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार राईचा जन्म पश्चिम आशियात, आठ ते चौदा हजार वर्षांपूर्वी झाला आणि तेथून ती पूर्वेकडे पसरली. भारतात ती इतकी रुजली की आज देशातील मोहरीच्या लागवडीचा बहुतांश भाग या संकरित जातीचाच आहे. चंबळेच्या शेतात ज्याला ‘सरसों’ म्हणतात ते पीकही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने राईच होय. ज्याला आपण या मातीचे अस्सल पीक समजतो ते बाहेरून आलेले आणि दोन जातींच्या मिलनातून झालेले आहे. त्याने त्याच्या अस्सलपणाला बाध येत नाही.

ऊच्या आयुष्याचा शेवट या शोधाला साजेसा आहे. १९५० मध्ये, पत्नी आणि मुले जपानात ठेवून, तो वडिलांच्या देशात गेला. स्वतंत्र झालेल्या कोरियाकडे स्वतःचे भाजीपाल्याचे बियाणे नव्हते. कोबीवर्गीय भाज्या आणि मुळा यांचे उत्तम बियाणे देशातच तयार करण्याचे काम त्याने बुसान येथे उभे केले. १९५३ मध्ये आई वारली. तिच्या अंत्यविधीसाठी जपानला जाण्याची परवानगी त्याला मिळाली नाही. सांत्वनासाठी लोकांनी दिलेल्या पैशांतून त्याने संशोधन केंद्रात विहीर खणवली. १९५९ मध्ये तो कोरियातच निवर्तला. जपानात तो कोरियन होता आणि कोरियात जपानी आईचा मुलगा. त्याच्या हातून जे सिद्ध झाले ते हे, की दोन पूर्ण वारसे एका देहात नांदू शकतात.

गुण की दोष?

युरोपात मोहरीच्या या नात्यातील रेपचे तेल प्रामुख्याने दिव्यात जळले. त्याला ‘कोल्झा’ म्हणत. हा शब्द डच भाषेतील ‘कोबीचे बी’ या अर्थाच्या शब्दापासून आला. एकोणिसाव्या शतकात घरांतले दिवे आणि समुद्रावरची दीपगृहे या तेलावर चालत आणि हिंदुस्थानातून मोहरी-रेपचे बी जहाजे भरून युरोपात जाई. पुढे खनिज तेल आले आणि हे दिवे विझले. पण या तेलाचा एक गुण शिल्लक होता : वाफेने आणि पाण्याने भिजलेल्या धातूलाही ते चिकटून राहते. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या वाफेच्या यंत्रांना वंगण हवे होते, म्हणून कॅनडात रेपची लागवड वाढवण्यात आली. युद्ध संपले, डिझेल यंत्रे आली आणि शेतकऱ्यांच्या हाती गिऱ्हाईक नसलेले पीक उरले.

ते खाण्यायोग्य करायचे तर दोन अडचणी होत्या. तेलात ‘इरुसिक आम्ल’ पुष्कळ होते; उंदरांवरील प्रयोगांत त्याने हृदयाच्या स्नायूंत चरबी साठल्याचे दिसले होते. पेंडीत तिखटपणा देणारी द्रव्ये होती. ती जनावरांना सोसत नसत. मॅनिटोबा विद्यापीठातील बाल्डुर स्टेफान्सन आणि सास्काटूनचे कीथ डाउनी यांनी निवड आणि संकर यांच्या साध्या पण अतिशय चिकाटीच्या मार्गाने दोन्ही घटक कमी केले. कमी इरुसिक आम्लाचा गुण जर्मनीतील एका चाऱ्याच्या वाणात सापडला, कमी तिखटपणाचा पोलंडच्या एका वाणात. १९७४ मध्ये स्टेफान्सन यांनी दोन्ही दोष काढलेला पहिला वाण प्रसारित केला आणि १९७८ मध्ये या तेलाला ‘कॅनोला’ हे नवे नाव मिळाले. कॅनडा आणि तेल या दोन शब्दांचे ते कडबोळे.

हा विज्ञानाचा मोठा विजय आहे यात शंका नाही. पण त्याच बरोबर एक प्रश्नही उभा राहतो. कॅनडाच्या दृष्टीने जो दोष, तो पाटणा-कोलकात्याच्या दृष्टीने मोहरीचा प्राण आहे. भारतीय मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल चाळीस टक्क्यांच्या वर असते आणि शतकानुशतके कोट्यवधी माणसे ते खात आली आहेत. उंदराचे शरीर हे आम्ल नीट पचवू शकत नाही, हे नंतर लक्षात आले; माणसात तसा अपाय ठामपणे सिद्ध झालेला नाही. तरीही अमेरिकेत मोहरीचे तेल खाद्यतेल म्हणून विकता येत नाही. तेथील भारतीय दुकानांत त्याच्या बाटलीवर ‘केवळ बाह्य वापरासाठी’ असे छापलेले असते. घेणारा आणि विकणारा दोघेही ते कशासाठी आहे हे जाणतात. चांगले तेल कोणते, हे प्रयोगशाळा सांगते. पण प्रयोगशाळेला प्रश्न कोण विचारतो, यावर तिचे उत्तर अवलंबून असते.

१९९८ चा ऑगस्ट

प्रयोगशाळेतला धोका शंकेचा होता. बाजारातला धोका खरा निघाला. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत माणसे पाय सुजलेल्या, धाप लागलेल्या अवस्थेत रुग्णालयांत येऊ लागली. साठांहून अधिक दगावली आणि सुमारे तीन हजार आजारी पडली. उत्तर भारतातील इतर काही शहरांतही रोगी आढळले. कारण एकच होते : मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले होते.

पिवळा धोत्रा मूळचा मेक्सिकोचा. नाव ‘धोत्रा’ असले तरी तो खऱ्या धोत्र्याचा कोणी लागत नाही. त्याचे नाते अफूच्या कुळाशी. पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला तो आपल्याकडे माजलेला दिसतो. त्याचे काळे, बारीक बी मोहरीत सहज खपून जाते. त्यातील ‘सँग्विनारिन’ हे विष रक्तवाहिन्या सैल करते. सूज येते, हृदय थकते, डोळ्यांत काचबिंदू होतो. हा रोग नवा नव्हता. १८७७ मध्ये कलकत्त्यात त्याची साथ नोंदली गेली होती. पुढे कित्येक वर्षे डॉक्टर तांदळाला दोष देत राहिले आणि बेरीबेरीशी त्याची गल्लत करीत राहिले. १९२६ मध्ये एस. एल. सरकार यांनी पिवळ्या धोत्र्याच्या तेलाकडे बोट दाखवले. म्हणजे दिल्लीत माणसे मेली तेव्हा कारण ठाऊक होऊन सत्तर वर्षे उलटली होती. या तेलाची परीक्षाही अवघड नाही. नायट्रिक आम्ल घालून हलवले की भेसळ असल्यास आम्लाच्या थरात तांबूस-नारिंगी रंग उमटतो. ज्ञान होते, कसोटी होती; ती लावणारा हात नव्हता.

दिल्लीत मोहरीच्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने खाद्यतेल बांधील डब्यांतच विकण्याचा आदेश काढला. हेतू योग्यच होता. परंतु त्याचा एक परिणाम असाही झाला की ज्या घाणीवाल्याकडे आपण बियाणे निवडताना, दळताना पाहू शकत होतो, त्याच्यावर संशय आला, आणि जे आपण कधी पाहिलेच नाही अशा कारखान्याच्या शिक्क्यावर विश्वास ठेवावा लागला. विश्वास माणसावरून मुद्रेवर गेला. मुद्राही नेहमीच सत्य बोलत होती असे नाही. मोहरीच्या तेलात स्वस्त तेले मिसळून ‘मिश्र तेल’ म्हणून विकण्याची कायदेशीर मुभा त्यानंतरही दीर्घकाळ होती. ती सरकारने ८ जून २०२१ पासून बंद केली.

याच काळाला दुसरी बाजू आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानामुळे देशातील तेलबियांचे उत्पादन दहा वर्षांत सुमारे सव्वा कोटी टनांच्या आतून दोन कोटी चाळीस लाख टनांवर गेले होते. हिला ‘पीतक्रांती’ म्हणतात, आणि तिच्या पिवळेपणात मोहरीच्या फुलांचा मोठा वाटा होता; कानपूरला निपजलेल्या ‘वरुणा’सारख्या वाणांनी शेते भरून दिली होती. १९९४ नंतर आयातीची दारे उघडली, स्वस्त पामतेल आले आणि मागणी वाढतच राहिली. आज आपण आपल्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून आणतो. भेसळीचे मूळ अशा ओढाताणीत असते. मागणी मोठी, पुरवठा तोकडा आणि तपासणारा दूर.

नवा संकर, नवा वाद

गेल्या पंचवीस वर्षांत मोहरीवरचा वाद शेतातून न्यायालयात पोहोचला आहे. मोहरीचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे दोन वाणांचा संकर मोठ्या प्रमाणावर करणे कठीण. दिल्ली विद्यापीठातील दीपक पेंटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील एका जिवाणूची दोन जनुके मोहरीत घातली. एक फुलातील नरभाग निकामी करते, दुसरे संकरित पिढीत तो पुन्हा फलदायी करते. या मार्गाने आपली ‘वरुणा’ आणि पूर्व युरोपीय वंशाचा एक वाण यांच्यापासून ‘डीएमएच-११’ हा वाण तयार झाला. त्यात तणनाशक सहन करण्याचा गुण देणारे आणखी एक जनुकही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या पर्यावरणीय प्रसाराला मान्यता मिळाली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या मान्यतेविषयी परस्परविरोधी निकाल दिले आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला.

समर्थक उत्पादनवाढीचे आणि आयात कमी होण्याचे दाखले देतात. विरोधक तणनाशकाचा वाढता वापर आणि मधमाश्यांवरील परिणाम यांकडे लक्ष वेधतात. ही शंका या भागात केवळ पुस्तकी नाही. मुरैना आणि भरतपूरच्या शेतांवर हिवाळ्यात मधपेट्या आणून ठेवतात; मोहरीचा मध हे अनेकांचे उत्पन्न आहे. जनुकांतर न करताही संकरित वाण काढता येतात, आणि तसे वाण भारतात निघालेही आहेत, हाही मुद्दा या वादात विसरून चालणार नाही.

आपल्याला येथे निवाडा द्यायचा नाही. पण ज्या कसोटीवर हा प्रश्न तपासावा ती या लेखातील दोन शब्दांतच आहे. बाहेरचे काही आत आले एवढ्याने ते भेसळ ठरत नाही. तसे असते तर राईलाच प्रथम नाकारावे लागले असते. आणि संकर म्हटले एवढ्याने ते निर्दोषही ठरत नाही. विचारायचे ते एवढेच, की जे मिसळले ते उघडपणे मिसळले का, त्याचे नाव सांगितले गेले का, आणि परिणाम भोगणाऱ्याला निवड होती का? पिवळ्या धोत्र्याचे तेल स्वतःच्या नावाने विकले गेले असते तर ते कोणी घेतले नसते. भेसळीला दुसऱ्याचे नाव लागते. संकराला ते लागत नाही, त्याचे स्वतःचे नाव असते.

मोहरीचा हा इतिहास उत्तरेत, कर्नाटकात, तेलंगणात दोन-अडीच शतके राहिलेल्या मराठी घरांना परका वाटू नये. आपल्या बोलीत हिंदी, गुजराती, कानडी, उर्दू मिसळलेली आहे आणि पुण्याकडील पाहुणा ती ऐकून कधी हसतो, कधी ती ‘बिघडली’ म्हणतो. बिघडणे आणि जोडले जाणे यांतला फरक पाहायचा असेल तर राईकडे पाहावे. तिने दोन्ही वंश पुरतेपणी जपले, म्हणून ती कोणत्याही एका पूर्वजापेक्षा अधिक ठिकाणी रुजली. आपल्याकडेही एक वंश झिजू न देता दुसरा सांभाळला गेला, तर ती भाषा शुद्ध आहे की नाही हा प्रश्न गौण ठरतो. पण मराठी केवळ नावापुरती राहिली आणि आत दुसरेच काही भरले गेले, तर मात्र त्याला संकर म्हणता येणार नाही. मुलांच्या वह्यांत, घरच्या पत्रांत आणि अशा संस्थांच्या कपाटांत मराठी किती पूर्ण आहे, यावरच आपण या दोहोंपैकी काय आहोत ते ठरेल.